रानपिंगळा : लुप्त मानलेल्या पक्ष्याच्या नोंदी आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

एखादी प्रजाती लुप्त झाली असे मानले गेल्यानंतरही ती पाहिल्याच्या नोंदी अधूनमधून येत राहतात. अशी प्रत्येक नोंद स्वीकारणे जितके घातक, तितकेच ती न तपासता फेटाळणेही घातक होय. रानपिंगळा या लहान घुबडाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

नोंदींचा इतिहास

ब्लूइट यांनी १८७२ मध्ये मिळविलेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतरची एकच नमुनाधारित नोंद उपलब्ध होती : रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील, गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये मिळाल्याची चिठ्ठी असलेला पक्षी. सलीम अली व डिलन रिप्ली यांचे शोधप्रयत्न निष्फळ ठरले. पाहिल्याचे काही दावेही झाले. परंतु सर्वत्र आढळणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याशी असलेल्या साम्यामुळे ते टिकले नाहीत.

पुराव्याची चिकित्सा

पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने तपासले. १९१४ चा नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच असून तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती, हे क्ष-किरण तपासणीसह केलेल्या अभ्यासातून सिद्ध झाले. ती नोंद बाजूस सारून अस्सल नमुन्यांच्या प्रदेशांत शोध घेण्यात आला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी भरदिवसा हा पक्षी दिसला. अखेरच्या अस्सल नमुन्यानंतर ११३ वर्षे लोटली होती. डोक्यावर ठिपक्यांचा जवळजवळ अभाव, छातीवरील गडद तपकिरी रंग, पोटाचा स्वच्छ पांढरा भाग आणि दणकट, पिसांनी झाकलेले पाय ही लक्षणे छायाचित्रे व चित्रफितीत स्पष्ट दिसत असल्याने शंकेस जागा उरली नाही.

परिणाम

यानंतर मेळघाट, यावल, खंडवा परिसर आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्य येथेही हा पक्षी आढळला. तो कोठेच नाही असे गृहीत धरले असते, तर या पानझडी वनांतील त्याच्या अधिवासाच्या रक्षणाचा प्रश्नच उपस्थित झाला नसता. उलटपक्षी, खोट्या नोंदीमुळे प्रजातीच्या प्रसाराचे व टिकून राहण्याच्या काळाचे चित्रच विकृत झाले होते. अधिवासाचा ऱ्हास व तुकडे पडणे हे संकट आजही कायम असून प्रजाती संकटग्रस्तच आहे.

निष्कर्ष

पाहणाऱ्याची प्रतिष्ठा हा पुरावा नव्हे. माइनर्ट्झहागेन यांच्या प्रकरणाचा हाच धडा आहे. स्थळ, वेळ, लक्षणांचे वर्णन, छायाचित्र व ध्वनिमुद्रण यांनी युक्त असलेली नोंद, मग ती एखाद्या विद्यार्थ्याची का असेना, इतरांना पडताळता येते. महाविद्यालयीन क्षेत्रपाहणीतही हीच शिस्त रुजविणे आवश्यक आहे.