प्रादेशिक आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल लीग आणि वऱ्हाडातील क्लबव्यवस्थेचा प्रश्न

प्रस्तावना

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत चमकणाऱ्या बास्केटबॉलपटूचा खेळ बहुधा पदवीबरोबरच संपतो. पुढे रेल्वे, सेनादल, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ किंवा एखादी बँक यांच्या संघात नोकरी मिळाली तर उत्तम. अन्यथा शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन अध्यापनाकडे वळावे लागते. क्लबकडून खेळून उपजीविका करण्याची वाट त्याला उपलब्ध नाही. जगात इतरत्र ही वाट कशी निर्माण झाली आणि वऱ्हाडात ती का नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रादेशिक लीगची घडण

शेजारच्या अनेक देशांतील व्यावसायिक क्लब एका हंगामात परस्परांच्या गावी जाऊन सामने खेळतात, अशा स्पर्धेस प्रादेशिक आंतरराष्ट्रीय लीग म्हणता येईल. येथे देशाचा संघ नसतो, गावाचा असतो. राष्ट्रीय संघांच्या स्पर्धा काही आठवड्यांत आटोपतात. लीग मात्र कित्येक महिने चालते. त्यामुळेच खेळाडूस नियमित वेतन देणे शक्य आणि आवश्यकही ठरते.

या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण ॲड्रियाटिक लीगचे आहे. युगोस्लाव्हिया १९९१ नंतर फुटला आणि त्याबरोबर तेथील बलाढ्य बास्केटबॉल स्पर्धाही विखुरली. प्रत्येक नव्या देशाची बाजारपेठ इतकी लहान होती की, एकट्या देशातील स्पर्धेवर मोठा क्लब जगणे कठीण झाले. २००१ मध्ये स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया व माँटेनेग्रो येथील चार क्लबांनी पुढाकार घेतला आणि १२ संघांचा पहिला हंगाम सुरू झाला. ल्युब्लियाना येथील ऑलिम्पिया हा पहिला विजेता. सर्बियाचे क्लब त्यानंतर आले. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली असताना कालच्या शत्रूंनी एकत्र खेळण्याचे ठरवले, यामागे बंधुभावापेक्षा हिशेब अधिक होता, असे म्हणणे वावगे ठरू नये. लीगला आरंभी एका टायर कंपनीचे आणि नंतर एका बँकेचे नाव मिळाले, हे त्या हिशेबाचेच द्योतक होय. २०२४-२५ च्या हंगामात तर ॲड्रियाटिक समुद्राशी काडीचाही संबंध नसलेला दुबईचा संघ तीत दाखल झाला.

तथापि केवळ प्रायोजकांमुळे ही लीग उभी राहिली नाही. लीगच्या आधी तेथे क्लब होते. बेलग्रेडची रेड स्टार ही १९४५ साली स्थापन झालेली क्रीडासंस्था आहे. फुटबॉल, बास्केटबॉल इत्यादी खेळांच्या शाखा तिच्या छत्राखाली वाढल्या. अशा क्लबांत दहा-बारा वर्षांचा मुलगा दाखल होतो आणि वयोगटांच्या पायऱ्या चढत प्रौढ संघापर्यंत पोहोचतो. निकोला योकिच हा सोंबोर या पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावचा. बेलग्रेडच्या मेगा क्लबकडून खेळताना २०१४-१५ मध्ये तो या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि तेथून अमेरिकेतील डेन्व्हर संघात गेला. सोंबोर आपल्या अचलपूरहून लहान आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

लोकसंख्येचा मुद्दा याच ओघात तपासता येतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी १२ लाखांहून अधिक आहे. सर्बिया व स्लोव्हेनिया या दोन देशांची मिळूनही इतकी नाही. स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे २१ लाख, म्हणजे एकट्या अमरावती जिल्ह्याहून कमी. आणि हाच देश २०१७ मध्ये सर्बियाला नमवून युरोपचा विजेता झाला. सारांश, माणसांची वाण आपल्याकडे नाही.

आशियातील अनुभव

आग्नेय आशियात २००९ मध्ये आसियान बास्केटबॉल लीग सुरू झाली. फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड व ब्रुनेई येथील सहा संघ तीत होते. प्रदेशाबाहेरील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा होती. शेजारी देशांतील खेळाडू घेण्यास मात्र वेगळी मुभा होती. दुबळ्या देशाच्या संघालाही त्यामुळे फिलिपिनी खेळाडूंचा आधार मिळे. व्हिएतनामचा सायगॉन हीट हा क्लब २०१२ मध्ये या लीगमध्ये उतरला आणि चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, त्या देशात स्वतंत्र व्यावसायिक लीग उभी राहिली. पुढे हाँगकाँग, तैवान, मकाव येथील संघही आले. अंतरे वाढली, विमानप्रवासाचा खर्च वाढला, आणि २०१९-२० चा हंगाम कोविडमुळे अर्धवट रद्द झाल्यावर लीगला पूर्वीचे रूप लाभले नाही. या लीगमध्ये भारतीय क्लब कधीच नव्हता.

भारतात २०१५ मध्ये एका खासगी संस्थेने लीग सुरू केली. पुणे पेशवाज हा तीतील एक संघ. २०१७ नंतर ती बंद पडली. महासंघाच्या मान्यतेची आयएनबीएल ही लीग २०२२-२३ मध्ये आली, तीत मुंबईचा संघ होता. दोन्हींत संघ वरून निर्माण केले गेले. लीग थांबली की असा संघही नाहीसा होतो, कारण त्याला स्वतःचे मैदान नसते आणि बालगटही नसतो.

वऱ्हाडातील स्थिती

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी व अन्य भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. अनेक खेळ, स्वतःची मैदाने, लहान वयापासून प्रशिक्षण ही रेड स्टारसारख्या संस्थेची लक्षणे मंडळात तिच्या कितीतरी आधी होती. फरक उद्दिष्टाचा होता. मंडळाने शिक्षक व कार्यकर्ते घडवले. खेळाडूस वेतन देणे हे व्यायामशाळेच्या ध्येयवादात बसणारे नव्हते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली तेव्हा पुणे व मुंबईला संघ मिळाले. बर्लिनला कबड्डी नेणाऱ्या वऱ्हाडाला मिळाला नाही.

आंतरराष्ट्रीय लीग दूरच राहो, अमरावती व अकोला यांच्यात दर आठवड्याला आलटूनपालटून सामने होतील अशी क्लब-लीगही आज नाही. अंतराची सबब येथे चालणार नाही. याच दोन शहरांमधील महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तासांत डांबरी करून गिनेस विक्रम नोंदवला गेला. मैदानेही अनेक महाविद्यालयांत आहेत. परंतु महाविद्यालयाचा संघ हा प्रवेशित विद्यार्थ्यांचाच असतो. उत्तीर्ण झालेल्या खेळाडूला त्याच मैदानावर सराव करता येईल, स्पर्धेत मात्र त्या महाविद्यालयाचे नाव लावून उतरता येणार नाही. आणि लावण्याजोगे दुसरे नाव त्याच्याजवळ नसते.