बारा काचा आणि एक कडा

10 एप्रिल 1927 रोजी सकाळी पाच जणांची टोळी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या खोऱ्यातून हाफ डोम या डोंगराच्या दिशेने चढू लागली. त्यांतल्या पंचवीस वर्षांच्या छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सच्या सामानात कोरोना व्ह्यू कॅमेरा, दोन भिंगं, दोन फिल्टर, जड लाकडी ट्रायपॉड आणि साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या बारा काचेच्या प्लेट होत्या. वाटेत बर्फ होतं, चढ खडा होता. दिवसभरात फोटो काढता काढता डायव्हिंग बोर्ड नावाच्या खडकावर पोचेपर्यंत दोनच प्लेट उरल्या. समोर हाफ डोमचा सरळसोट कडा होता, पण तो सावलीत. ऊन त्यावर यायला दुपार व्हावी लागली.

ऊन आल्यावर अ‍ॅडम्सने पिवळा फिल्टर लावून एक प्लेट वापरली. प्लेटहोल्डर काढता काढताच त्याला कळलं की चित्रात कडा नीट येईल, पण जो दरारा आपल्याला जाणवतो आहे तो येणार नाही. आकाश करडं आणि सपाट पडेल. मग त्याने गडद लाल फिल्टर चढवला आणि शेवटची प्लेट घेतली. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून पुढे आला. ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’ हे छायाचित्र असं जन्मलं. चित्र कागदावर कसं दिसणार हे आधी मनात पाहायचं, ही अ‍ॅडम्सची पुढची सगळी शिकवण त्या दुपारपासून सुरू होते.

लार्ज फॉरमॅट कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पडणारा प्रश्न, फिल्म किती न्यावी, हा मला या गोष्टीतून सुटताना दिसतो. बारा पुरल्या की अपुऱ्या पडल्या, याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. महत्त्वाचं हे, की शेवटच्या दृश्यासाठी त्याच्याकडे एक नव्हे, दोन प्लेट होत्या. म्हणून हिशेब फिल्मचा करू नये, दृश्यांचा करावा, आणि दर दृश्यामागे फिल्मच्या दोन शीट धराव्यात.

दुसरी शीट ही उधळपट्टी नाही. शीट फिल्म होल्डरमध्ये भरतानाच धुळीचा कण बसू शकतो, आणि त्या जागी निगेटिव्हवर स्वच्छ टिंब उमटतं. डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरमधली फिल्म झाकणारी पट्टी, ओढताना वारा कॅमेरा हलवतो. डेव्हलप करताना ओरखडा पडतो. दोन शीट असल्या तर पहिली धुवून पाहता येते आणि उजेड-अंधाराचा तोल बिघडला असेल तर दुसरीची डेव्हलप करण्याची वेळ बदलता येते. रोलमध्ये ही सोय नाही. तिथे सगळ्या चौकटी एकाच टाकीत जातात.

कधीकधी मात्र दुसरी शीट असूनही उपयोग होत नाही. 1 नोव्हेंबर 1941 रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाशी अ‍ॅडम्सने धावपळीत आठ बाय दहाचा कॅमेरा उभा केला. प्रकाशमापक सापडेना, म्हणून दृश्यातल्या चंद्राच्या तेजाचा जो आकडा पाठ होता, त्यावरून हिशेब करून त्याने एक्स्पोजर दिलं. दुसऱ्या निगेटिव्हसाठी होल्डर उलटा करेपर्यंत दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. ‘मूनराइझ’ या त्या छायाचित्राची एकच निगेटिव्ह आहे, तीही छापायला अवघड. त्याच्या जवळ फिल्म कमी नव्हती, उजेड कमी होता. पाठीवर पन्नास शीट असत्या तरी काही बदललं नसतं.

आता ओझ्याचा विचार. चार बाय पाच इंचांच्या होल्डरमध्ये दोन शीट बसतात, दोन बाजूंना एकेक, आणि असा भरलेला होल्डर दीड-दोनशे ग्रॅमचा असतो. दहा होल्डर म्हणजे वीस शीट, आणि वजन दोन किलोच्या आसपास. आठ बाय दहाचा एकच होल्डर अर्ध्या किलोहून जड. वर कॅमेरा, भिंगं, ट्रायपॉड, काळं कापड. शिवाय शिधा खाल्ला की संपतो, फिल्म मात्र वापरली तरी तेवढीच परत वाहावी लागते.

हे वजन किती निर्दय असू शकतं ते छायाचित्रकार फ्रँक हर्लीने पाहिलं. 1915 मध्ये शॅकल्टनच्या मोहिमेचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज अंटार्क्टिकच्या बर्फात चिरडलं, तेव्हा हर्लीने गारठलेल्या पाण्यात उतरून निगेटिव्ह वाचवल्या. पण पुढे त्या वाहून नेणं शक्य नव्हतं. तो आणि शॅकल्टन बर्फावर बसून निवड करत गेले आणि नाकारलेल्या सुमारे चारशे काचा हर्लीने तिथल्या तिथे फोडल्या, पुन्हा मन बदलू नये म्हणून. त्यानंतर त्याच्यापाशी एक छोटा व्हेस्ट पॉकेट कोडॅक आणि तीन रोल राहिले. प्रसिद्ध झालेल्या चित्रांमागे ती फुटलेली चारशे आहेत, हे मला विसरता येत नाही.

आपल्याकडे हिमालयात छायाचित्रकार सॅम्युएल बोर्नचा प्रश्न आणखी वेगळा होता. 1863 ते 1866 या काळात त्याने तीन मोठ्या फेऱ्या केल्या, डझनावारी हमाल घेऊन. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत तयार प्लेट नेताच येत नाही. काचेवर द्रव ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत डेव्हलप करायची. मणिरंग खिंडीत, 18,000 फुटांच्या वर, त्याने हे केलं. काचा हव्या तेवढ्या असोत, दिवसात मोजक्याच चित्रांना वेळ मिळे. तरीही, किंवा म्हणूनच, बोर्नच्या चौकटीत झाडाची एक फांदीसुद्धा गैरजागी सापडत नाही.

याच्या उलट छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन. 1937 मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाल्यावर तो पुढे पत्नी झालेल्या कॅरिस विल्सनसोबत मोटारीने फिरला आणि दोन वर्षांत आठ बाय दहाच्या हजाराहून अधिक निगेटिव्ह केल्या. गाडी असेल तर कंजूषपणा करू नये. फिल्मचा पूर्ण डबा सावलीत, थंड जागी ठेवावा आणि रात्री उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगमध्ये होल्डर पुन्हा भरावेत.

सह्याद्रीत पायी जायचं तर माझा हिशेब साधा आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे ऊन दुपारनंतरच. सकाळी एक दृश्य, वाटेत एखादं, संध्याकाळी कड्यावर दोन. चार दृश्यं, आठ शीट. एक होल्डर ध्यानीमनी नसलेल्या ढगासाठी जादा. असे पाच होल्डर आणि दहा शीट म्हणजे एक किलोच्या आत. मुक्कामी गेलात तर दहा होल्डरपेक्षा पाच होल्डर, पंचवीस शीटचा डबा आणि चेंजिंग बॅग घेणं हलकं पडतं. दमट हवेत मात्र घामेजलेल्या हातांनी फिल्म हाताळू नये. हात पुसून, थोडं थांबून काम करावं. वापरलेल्या शीट ठेवायला रिकामा डबा वेगळा न्यावा आणि त्यावर ठळक खूण करावी.

होल्डरच्या डार्क स्लाइडच्या पकडीची एक बाजू पांढरी आणि एक काळी असते. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. ही शिस्त मोडली की एकाच शीटवर दोन डोंगर उमटतात. चढावर दम लागलेला असताना, अंधार पडत असताना ती पाळणं हेच खरं कौशल्य आहे. संध्याकाळच्या उजेडासाठी शेवटचा होल्डर वेगळ्या खिशात, रबरबँड लावून ठेवावा आणि सूर्य कड्यावर येईपर्यंत त्याला हात लावू नये.