ट्रिम : कापण्याच्या आधीचा अर्थ

न्हाव्यापुढे बसून ‘दाढी जरा ट्रिम करा’ असे आपण सहज म्हणून जातो. ट्रिम करणे म्हणजे काय, असे कोणी विचारलेच, तर ‘थोडे कापणे’ हेच उत्तर येईल. गंमत अशी की, मुळात या क्रियापदात कापणे नव्हतेच.

जुन्या इंग्रजीत ‘ट्रुम’ म्हणजे बळकट, पक्का. त्यावरून ‘ट्रिमिअन’ हे क्रियापद झाले. बळकट करणे, सिद्ध करणे, रांगेत उभे करणे, हे त्याचे अर्थ. इ. स. 991 मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ माल्डन येथे व्हायकिंगांशी लढाई झाली. तिच्यावरील जुन्या काव्यात इंग्रज सरदार आपल्या सैनिकांची फळी लावतो, तेथे हेच क्रियापद आले आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिचेच ‘लष्कर’ झाले. त्या लष्करात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना फळी लावण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे काही शतके हे क्रियापद लिखाणात जवळजवळ दिसत नाही. सोळाव्या शतकात ते पुन्हा वर येते, ते नाना कामे घेऊन. जहाज प्रवासासाठी सज्ज करणे, शिडे वाऱ्याच्या बेताने लावणे, पोशाख सजवणे, दिव्याची वात नीट करणे, या साऱ्याला ट्रिम. वस्तू नीटनेटकी करायची तर जास्तीचे काढावे लागते. त्याच वाटेने कापण्याचा अर्थ आत शिरला. म्हणून आजही इंग्रजीत झगा ट्रिम केला म्हणजे त्याला लेस लावली आणि कुंपण ट्रिम केले म्हणजे ते छाटले. एकीकडे भर घातली, दुसरीकडे काढून टाकले. वस्तू सुस्थितीत आणणे मात्र दोन्हींत सारखेच.

मराठीत या सगळ्यासाठी एकच शब्द नाही. आपण मिशी कातरतो, कुंपण छाटतो, तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो, कंदिलाच्या वातीची काजळी काढतो. मंजिऱ्या खुडल्या की तुळस भरगच्च होते. नाशिककडे द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. पहिली पुढच्या फळासाठी काडी तयार करते, दुसरी फळ आणते. ट्रिमच्या मूळ अर्थाशी ही कामे अगदी जुळतात.

स्वयंपाकघरातला एक शब्द त्याहूनही जवळचा आहे : निवडणे. मेथी निवडताना आपण जाड देठ आणि पिवळी पाने टाकतो, तांदूळ निवडताना खडे. टाकणे आणि राखणे, दोन्ही एकाच क्रियापदात.

ग्वाल्हेरात मात्र येथे एक घोटाळा होतो. हिंदीत ‘छाँटना’ म्हणजे छाटणेही आणि निवडणेही. त्यामुळे आपल्या घरातले मूल ‘आजी, चांगली वांगी छाटून आण’ असे म्हणते आणि पुण्याहून आलेला पाहुणा हसतो. मुलाची चूक अशी की, त्याने हिंदी अर्थ मराठी शब्दावर चढवला. पण शब्द काही त्याने आकाशातून आणलेला नाही. ज्या बाजारात आपण रोज भाजी घेतो, तिथलाच तो आहे.

आपल्या मराठीतून हिंदी काढून टाका, असे दरवर्षी कोणी तरी आवर्जून सांगते. त्या सूचनेत ट्रिमचा फक्त नवा अर्थ आहे. सरसकट छाटत गेलो, तर मूल घरात बोलणेच सोडून देईल, आणि मग दुरुस्त करायला मराठी उरणार नाही. तेव्हा हसू नये. ‘वांगी निवडून आणते हं’ एवढेच आजीने म्हणावे आणि पिशवी घेऊन निघावे. मुलाला शब्द मिळतो, आणि पुढच्या वेळी काय आणायचे हे सांगायला ते पुन्हा मराठीतच तोंड उघडते.