टेंभी नाक्याचं ‘आमच्या वेळी’

नवरात्र जवळ आलं, की टेंभी नाक्यावर वाढलेली आणि आता घोडबंदर रोडला नाहीतर डोंबिवलीला राहायला गेलेली मंडळी हमखास जुन्या ठाण्याच्या गोष्टी काढतात. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणाऱ्या या गोष्टी खोट्या नसतात. पण सांगता सांगता त्यांच्या तारखा मागे सरकतात आणि त्रासाचा भाग गळून जातो. अशाच काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज : टेंभी नाक्याची देवी पिढ्यान्‌पिढ्यांची.

वस्तुस्थिती : शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांनी हा नवरात्रोत्सव सुरू केला तो १९७८ मध्ये. गडकरी रंगायतन हे नाट्यगृहही त्याच साली उभं राहिलं, म्हणजे देवी आणि रंगायतन एका वयाची. पण ज्याच्या शाळकरी वयात देवीची मिरवणूक कळव्याहून वाजतगाजत यायची, त्याला ती कायमचीच वाटणार. आपल्याला कळायला लागलं तेव्हा जे होतं, ते आपण ‘पूर्वापार’ धरून चालतो.

गैरसमज : तेव्हा नाक्यावर सगळी आपलीच माणसं होती, सरमिसळ नंतरची.

वस्तुस्थिती : देवीहून जवळपास शंभर वर्षं जुनी वास्तू याच नाक्यावर, सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्याला आहे : १८७९ चं ‘शाआर हाशामाईम’ सिनेगॉग. ते बेने इस्रायली ज्यूंचं. मातृभाषा मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली. कोकणात त्यांचा पिढीजात धंदा तेलघाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शुभकार्याला प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने मलिद्याचं ताट भरायचं : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळं. १९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली आणि तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढू लागली. ‘आपली माणसं’ म्हणताना यांना वगळलं, तर जुन्या ठाण्याचा हिशेबच चुकतो.

गैरसमज : काय ती स्वस्ताई!

वस्तुस्थिती : आकडे लहान होते, तसेच पगारही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. रॉकेलच्या रांगेत माणसाऐवजी डबे उभे असत आणि दुसऱ्याचा डबा मागे सरकवला की भांडण ठरलेलं. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या याच ‘स्वस्ताई’त. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाईचा दर २५ टक्क्यांवर गेला होता. आपल्याला स्वस्ताई आठवते, कारण तेव्हा पैसे मोजणारे आपण नव्हतो.

गैरसमज : जुनी माणसं ठणठणीत, साधं खाणं, भरपूर चालणं.

वस्तुस्थिती : ठणठणीत होती ती आपल्याला आठवतात, जी गेली त्यांचे फोटोही क्वचितच उरले. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांतली १२९ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. २०२० मध्ये हे प्रमाण २८ होतं. सत्तरच्या दशकात सरासरी आयुर्मान जेमतेम पन्नास वर्षांचं. दंडावरचा देवीच्या लशीचा गोल वण ही त्या पिढीची खूण. देवीचा रोग देशातून हटला तोच १९७५ मध्ये. चालणं भरपूर होतं हे मात्र खरं, रिक्षाचे पैसे परवडत नव्हते म्हणून.

गैरसमज : तेव्हा शेजारधर्म होता, आता माणसं बदलली.

वस्तुस्थिती : शेजारधर्म होता, हे शंभर टक्के खरं. पण त्याला टंचाईचा टेकू होता. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, म्हणून अनेकांच्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा फोन ‘पी.पी.’ लिहून छापला जाई. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तरी टीव्ही सगळ्या बिल्डिंगीत मिळून एखादा. रविवारी सिनेमाला त्या घरात चपलांचा ढीग पडायचा, आणि त्या घरच्या बाईचा सगळा आठवडा सतरंजी झटकण्यात जायचा. तिला कोणी विचारलं नव्हतं. टंचाई संपल्यावर दारं बंद झाली, यात माणूस बिघडल्याचा पुरावा नाही. आता गरज नसताना बेल वाजवणं ही आपली मर्जी आहे, आणि तो शेजारधर्म जुन्यापेक्षा अवघड.

तेव्हा यंदा कोणी ‘आमच्या वेळी’ सुरू केलं, की हटकू नका, नीट ऐका. फक्त दोन गोष्टी विचारा : साल कोणतं, आणि घरात पाणी कोण भरायचं? पहिल्या प्रश्नाने तारीख जागेवर येते. दुसऱ्याने बहुतेक वेळा गोष्ट सांगणाऱ्याची आई बोलायला लागते, आणि तिचं ‘आमच्या वेळी’ अगदीच वेगळं असतं.