भिवंडीतील यंत्रमाग व्यवसाय आणि अल्पसंख्याक युवकांचे आरोग्य : एक विवेचन

प्रस्तावना :
भिवंडी हे देशातील प्रमुख यंत्रमाग केंद्रांपैकी एक होय. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७ लाखांहून अधिक असून त्यात मुस्लिम नागरिक निम्म्याहून अधिक आहेत. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर कापड उत्पादनाचा मोठा भाग यंत्रमागांकडे वळला. उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या तरुणांनाही या शहराने रोजगार दिला. या युवकांच्या आरोग्यविषयक विषमतेची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषमतेचे स्वरूप :
ही विषमता धर्मजन्य मानणे चुकीचे ठरेल. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम समाजातील बालमृत्यूचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आढळले होते. त्याच अहवालाने नियमित पगारी नोकऱ्यांतील या समाजाचा अल्प सहभागही निदर्शनास आणला. यावरून विषमतेचे मूळ जन्मात नसून रोजगाराच्या स्वरूपात शोधावे लागते.

यंत्रमागांचा आवाज सामान्यतः ९० डेसिबलच्या पुढे जातो. आठ तासांच्या कामासाठी हीच कमाल मर्यादा मानली जाते. येथील पाळी मात्र बहुधा १२ तासांची असते. या आवाजाने येणारा बहिरेपणा वेदनेविना वाढतो, उशिरा ध्यानी येतो आणि बरा होत नाही. कापसाच्या धुळीमुळे बिसिनोसिस हा श्वसनविकार संभवतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर रुजू होताच छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. सूतगिरणीत याचा धोका अधिक असला, तरी विणकाम त्यापासून मुक्त नाही. कोंदट व दाटीच्या निवासामुळे क्षयरोगाच्या प्रसारासही वाव मिळतो.

कायदा व वास्तव :
बिसिनोसिस व आवाजजन्य बहिरेपणा हे दोन्ही विकार १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद राखली आहे. तथापि भरपाईसाठी सलग सेवेचा पुरावा आवश्यक असतो. मीटरवर मजुरी घेणाऱ्या आणि हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराकडे तो नसतो. कर्मचारी राज्य विमा योजना सर्वसाधारणपणे १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. त्यामुळे लहान लहान घटकांत विभागलेले कारखाने तिच्या कक्षेबाहेर राहतात. परिणामी रोग कायद्याला मान्य असतो, परंतु रोगी अदृश्य राहतो.

निष्कर्ष :
केवळ औषधोपचाराने ही विषमता दूर होणार नाही. कामगाराची नोंद हाच आरोग्यहक्काचा पहिला दस्तऐवज होय. परिसरातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत श्रवणचाचणी शिबिरे भरवावीत. तसेच कामगारांना कामाची तारीखवार नोंद ठेवण्यास साहाय्य करावे. कामावर रुजू होताना केलेली चाचणी पुढील तुलनेस आधारभूत ठरते. म्हणून आरंभ वयाने सर्वांत लहान कामगारांपासून होणे अगत्याचे आहे.