भुताटकी संगणकातली, लूट खिशातली

आपल्या खेड्यापाड्यांत देवऋषी काय करतो? आधी सांगतो, तुझ्या घराला बाधा झाली आहे. ऐकणारा घाबरला की लगेच सांगतो, उतारा माझ्याकडे आहे, खर्च इतका येईल. भूत शोधणाराही तोच आणि काढणाराही तोच. म्हणून भूत नेहमीच सापडते. न सापडले तर त्याचा धंदा बुडेल. भीती दाखवून लुबाडणाऱ्या अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. परंतु हाच धंदा कोट-टाय घालून, इंग्रजी बोलत संगणकाच्या पडद्यावर आला, तेव्हा शिकलेसवरलेले लोकसुद्धा त्याला बळी पडले. त्याचे नाव आहे बनावट अँटीव्हायरस.

हा प्रकार समजून घेणे अवघड नाही. आपण इंटरनेटवर काही वाचत असतो. अचानक पडद्यावर चौकट उघडते, ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत’. तपासणी चालू असल्याचे चित्र हलू लागते, आकडे वाढत जातात, सर्वत्र लाल खुणा दिसतात. वास्तविक कोणतीही तपासणी झालेलीच नसते. इंटरनेटवरचे साधे पान आपला संगणक आतून तपासूच शकत नाही. तो केवळ रंगवलेला देखावा असतो. घाबरलेला माणूस ‘दुरुस्त करा’ हे बटण दाबतो, कार्डाचा क्रमांक देतो आणि नसलेल्या रोगाचे औषध विकत घेतो. कित्येकदा हे औषधच रोग असते. ते संगणकात ठाण मांडून बसते आणि काढू म्हटले तरी निघत नाही.

हा किरकोळ भुरट्यांचा उद्योग आहे असे कोणी समजू नये. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. विनफिक्सर, विनअँटीव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटीव्हायरस अशी एकाहून एक भारदस्त नावे या मालाला दिलेली होती. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे आयोगाने सांगितले. एका प्रतीची किंमत ३९.९५ डॉलर किंवा त्याहून जास्त. ही मंडळी प्रतिष्ठित कंपन्या व संस्थांच्या वतीने जाहिराती देत असल्याची बतावणी करीत. जाहिरात तपासणाऱ्याला निरुपद्रवी जाहिरात दिसे आणि सामान्य वाचकाला मात्र भीतीची चौकट दिसे, अशी तजवीज त्यांनी केली होती. म्हणजे चौकीदाराला एक तोंड आणि घरमालकाला दुसरे!

यातील सर्वांत नीच भाग पुढेच आहे. बनावट तपासणीत व्हायरसबरोबर बेकायदा अश्लील चित्रे सापडल्याचेही दाखवले जाई. घरातील कर्त्या माणसाच्या संगणकावर असे काही उमटले तर तो कोणाला सांगेल? मुलाला विचारील की शेजाऱ्याला? तो गुपचूप पैसे भरील आणि गप्प बसेल. भीतीने पैसे निघतात आणि लाजेने तोंड बंद होते. या दोन खांबांवर हा सगळा डोलारा उभा आहे.

या व्यवहाराला तिसरा खांबही आहे. तो म्हणजे पैसे वळते करणारी यंत्रणा. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरांचा अभ्यास केला. तिघींची मिळून कमाई १३ कोटी डॉलरहून अधिक होती. ज्यांच्या संगणकात हा माल शिरला त्यांपैकी सुमारे दोन टक्के लोकांनीच पैसे भरले होते. तेवढ्यावर एवढी कमाई! या टोळ्या तक्रार करणाऱ्या काही ग्राहकांना पैसे परतही देत. त्यामागे प्रामाणिकपणा नव्हता. कार्ड कंपनीकडे तक्रारी वाढल्या तर खाते बंद होईल, म्हणून तक्रारींचे प्रमाण मोजूनमापून खाली ठेवले जाई. याचा अर्थ असा की तक्रार हीच या धंद्याची दुखरी नस आहे. आपण गप्प बसतो म्हणून तो चालतो.

न्यायालयांत काय झाले तेही पाहिले पाहिजे. मे २०१० मध्ये शिकागो येथे तिघांवर आरोपपत्र दाखल झाले. साठाहून अधिक देशांतील लोकांकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळल्याचा आरोप होता. २०१२ साली मेरीलँडच्या न्यायालयाने कंपनीच्या उपाध्यक्षा क्रिस्टी रॉस यांच्याविरुद्ध १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. त्यांचा बचाव असा की, त्या कंपनीवर नियंत्रण ठेवणाऱ्या नव्हत्या. न्यायालयाने तो मानला नाही आणि २०१४ साली अपिलातही निकाल कायम राहिला. फसवणुकीत ज्याचा प्रत्यक्ष हात आहे किंवा जिच्यावर ज्याचा अधिकार चालतो आणि जो सारे जाणून आहे, त्याला कंपनीच्या आड लपता येत नाही, हा त्या निकालाचा धडा आहे.

धंदा मात्र संपला नाही, त्याने रूप बदलले. रिस्टोरो व रीइमेज या सायप्रसमधील कंपन्यांनी विंडोजच्या नावाने खोट्या सूचना दाखवून लोकांना घाबरवले, या आरोपावरून त्यांनी २०२४ साली २ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यातून २०२५ साली ७ लाख ३६ हजारांहून अधिक ग्राहकांना परतावा पाठवण्यात आला. परतावा मिळू शकतो, याचे हे उदाहरण आहे. यंत्रणेची इच्छा मात्र हवी.

आता चौकटीत फोन क्रमांक असतो आणि पलीकडे ‘तंत्रज्ञ’ बोलतो. दुर्दैवाने त्या फोनचे दुसरे टोक पुष्कळदा भारतात निघते. मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉनच्या तक्रारींवरून २०२३ साली सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभर धाडी घातल्या. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडची कॉल सेंटरे उघडकीस आणली होती. तेथून अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवून लोकांना धमकावले जात होते. माल वेगळा, परंतु विकली जात होती ती भीतीच. तेथे बसवलेली पोरे विशीतली. शिकून बेकार असलेल्या तरुणाला अशी नोकरी आकर्षक वाटते. मालक पसार होतो आणि हातकड्या मात्र या पोरांना पडतात. आपल्या मुलांना हे बजावून सांगितले पाहिजे की, समोरच्याला खोटे सांगून पैसे काढणे ही नोकरी नाही, तो गुन्हा आहे.

आता कायद्याचा प्रश्न. फसलेला माणूस पोलीस ठाण्यात गेला की बहुधा पहिला प्रश्न येतो, ‘बटण तुम्हीच दाबले ना? कार्डाचा नंबर तुम्हीच दिला ना?’ बँकेतही तेच. जणू फसवणाऱ्यापेक्षा फसणाराच मोठा गुन्हेगार! ही भूमिका कायद्याला धरून नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८ स्पष्ट सांगते की, इजा होण्याच्या भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते माहीत असताना, संमती ठरत नाही. बनावट अँटीव्हायरसमध्ये गैरसमज हाच विक्रीचा पाया आहे आणि तो विकणाऱ्यानेच निर्माण केलेला आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसारही कपटाने झालेला करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो. फसवणुकीसाठी न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत आणि संगणकाद्वारे तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा अपुरा नाही, वापरणारे अपुरे आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक तत्त्व घालून दिले. त्रयस्थाने केलेल्या घुसखोरीची माहिती ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत दिली तर त्याची जबाबदारी शून्य. मात्र ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान त्याचेच. सारी मेख ‘निष्काळजीपणा’ या शब्दात आहे. सुशिक्षित, पगारदार टोळीने आखलेल्या सापळ्यात सापडलेल्या निवृत्त शिक्षकाला वा शिवणकाम करणाऱ्या बाईला निष्काळजी म्हणायचे काय? फसवला गेलेला आणि निष्काळजी यांत फरक केला पाहिजे, ही मागणी ग्राहक चळवळीने लावून धरली पाहिजे.

तोवर वाचकांनी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. पडद्यावर भीतीची चौकट आली तर तिच्यातील कोणतेही बटण दाबू नका. ब्राउझर बंद करा, होत नसेल तर संगणकच बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो. अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा देऊ नका. विंडोजमध्ये २०१२ पासून व्हायरसविरोधी संरक्षण अंगभूत येते आणि केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मोफत साधने देते. पैसे गेलेच तर त्याच क्षणी बँकेला कळवा, १९३० वर फोन करा, चौकटीचे छायाचित्र व व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. ठाणेदार तक्रार घेत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांकडे आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खालील न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे पाच कोटींपर्यंतचा दावा करता येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाजू नका. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे. ज्याने तक्रार लिहून दिली, त्याने आपले पैसे मिळवले नाहीत तरी पुढच्या दहा जणांचे वाचवले, हे लक्षात ठेवा.