तलावाचे तांबूस पाणी आणि तुरटीची मात्रा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव व लहानमोठ्या बोड्या यांच्या आधारावर येथील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शहापूरसारख्या गावी नळाचे किंवा चांगल्या विहिरीचे पाणी मिळत असेल, तर पिण्यास तेच घ्यावे. परंतु टंचाईच्या दिवसांत तलावाचे पाणी वापरण्याची वेळ आली, तर ते गढूळ आहे की तांबूस, हे प्रथम पाहिले पाहिजे.

गढूळ पाण्यातील माती बरीचशी आपोआप खाली बसते. निवळीचे बी घासण्याची जुनी रीतही तेथे उपयोगी पडते. चहासारखे तांबूस पाणी मात्र रात्रभर ठेवले तरी तसेच राहते. तो रंग कुजलेल्या पानांचा व पाणवनस्पतींचा असतो. सुमात्रा व बोर्निओ बेटांवर दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचे, पीट नावाचे, जाड थर आहेत. तेथील पाणी असेच तांबूस व शिवाय आंबट असते. तेथेही तुरटी व चुना वापरून ते सुधारतात.

या पाण्यातील सूक्ष्म कण एकमेकांस दूर लोटतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटीमुळे ते एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात. मात्रा किती हे अंदाजाने ठरवू नये. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी. पाच काचेच्या भांड्यांत एकेक लिटर तांबूस पाणी घेऊन त्यांत हे द्रावण अनुक्रमे २, ४, ६, ८ व १० मिलिलिटर घालावे. एक मिनिट जोराने व मग दहा-पंधरा मिनिटे अगदी सावकाश ढवळून तासभर स्थिर ठेवावे. ज्या भांड्यात कमीत कमी द्रावणाने पाणी निवळले, ती योग्य मात्रा. ५ मिलिलिटर पुरले, तर २०० लिटरच्या पिंपास १० ग्रॅम तुरटी लागेल. अधिक तुरटी म्हणजे अधिक शुद्धी, ही समजूत चुकीची आहे. जास्त झालेली तुरटी पाण्यात उतरते व त्यास आंबट करते.

पुंजके बनतच नसतील, तर पाण्यात क्षार कमी आहेत असे समजावे. अशा वेळी आधी थोडी चुन्याची निवळी घालून मग तुरटी घालावी. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या व पुढे ‘नीरी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने फ्लोराइड काढण्यासाठी बसविलेल्या नलगोंडा पद्धतीतही तुरटी व चुना हीच जोडी आहे.

निवळलेले पाणी दिसण्यात स्वच्छ असले, तरी त्यातील रोगजंतू सर्व मेलेले नसतात. हगवण व कावीळ अशाच पाण्याने घरात शिरतात. म्हणून वरचे पाणी अलगद काढून, फडक्यातून गाळून उकळावे किंवा त्यात टी.सी.एल. पावडर घालून अर्धा तास ठेवावे. हा क्रम उलटा करू नये. तांबूस पाण्यात आधीच पावडर टाकली, तर कुजका अंश तिचा जोर खाऊन टाकतो व नको ते पदार्थ तयार होतात. पावडर पुरली की नाही, हे जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून पाहावे. पाण्यास पिवळी छटा न आल्यास ते पिण्यास देऊ नये. तळाचा गाळ विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावा.